निरोप्याचं नवं खोकं

कंपनीत सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणत. नवीन लागलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा, की मग थोरले साहेब कुठे बसतात? यावर जुनी माणसं कॉफीच्या मशीनकडे वळत आणि मशीन पुन्हा बिघडल्याची तक्रार करत. ते बहुतेक वेळा बिघडलेलंच असे, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप कुणाला लागत नसे.

थोरले साहेब असे कुणी नव्हतेच. थोरली बहीण होती. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत दोघा भावंडांनी मिळून कंपनी काढली, तेव्हा भाऊ बोलायचा आणि बहीण प्रोग्रॅम लिहायची. कामाची वाटणी दोघांच्या स्वभावाला धरून होती. भावाला लिहायचा कंटाळा होता आणि बहिणीला बोलायचा. त्या दिवसांत ताईने एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता घालावा असा तयार माल. तिचं नाव तिने ठेवलं निरोप्या. त्याचं काम एकच: इकडचा निरोप नेटवर्कवरून लांबच्या सर्व्हरपर्यंत न्यायचा आणि उत्तर घेऊन यायचं. वाटेत नेटवर्क गेलं, तर रडत न बसता जरा थांबायचं आणि पुन्हा निघायचं.

निरोप्या चांगला निघाला आणि तिथेच माशी शिंकली. ताईचं म्हणणं, हा सगळ्यांना फुकट वापरू द्यावा. भावाचं म्हणणं, फुकट दिलेल्या वस्तूला लोक पायपुसणं करतात. ताईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप्या जगासाठी खुला करून टाकला. अट फक्त एवढीच घातली, की प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तिने लिहिलेल्या दोन ओळी आहेत, त्या कुणी काढू नयेत. त्यानंतर त्या खोलीत जे बोलणं झालं ते खालच्या टायरवाल्यालाही पाठ झालं असेल. ताई निघून गेली. जाताना स्वतःची खुर्ची तेवढी घेऊन गेली, कारण तीच एक तिच्या पाठीला मानवायची.

पुढे तिने कपडे धुण्याचं दुकान काढलं. लोकांना हळहळायला विषय मिळाला. एवढी हुशार बाई आणि शेवटी लोकांचे सदरे धुते, असं जो तो म्हणे. ताई म्हणे, कपडा धुतला की स्वच्छ होतो आणि तसाच राहतो, प्रोग्रॅमचं असं कधी झालेलं मी पाहिलं नाही.

इकडे भावाची कंपनी काचेच्या उंच इमारतीत गेली आणि मोठ्या धंद्यांना अ‍ॅप बनवून देऊ लागली. प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात निरोप्याच होता, ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. पण निरोप्या जुन्या काळातला. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये त्याला बसवणं म्हणजे दुचाकीवरून कपाट न्यायचं. आधी त्याचे तुकडे उतरवून घ्या, मग एकेक हाताने जोडा, मग एका फोनवर चाललं की दुसऱ्यावर रुसतो, त्याची समजूत काढा. कंपनीतली पोरं त्याला आणि त्याच्या निर्मात्याला रोज शिव्या घालत. निर्माता म्हणजे साहेबांची सख्खी बहीण, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मोकळेपणाने घालत.

अखेर धाकट्या साहेबांनी चिकटपट्टीला बोलावून घेतलं.

चिकटपट्टी हा तिथला जुना प्रोग्रॅमर. एखादी चूक सापडली की तिला सोडत नसे, म्हणून हे नाव पडलं होतं. आता खुद्द त्याची बायकोही त्याच्या पाठीमागे तेच नाव वापरी. साहेबांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि निरोप्याला नवे कपडे करायचे आहेत असं सांगितलं. आतल्या मालाला हात लावायचा नाही. फक्त बाहेरून असं बांधायचं, की अ‍ॅप बनवणाऱ्याने एक ओळ लिहिली की काम झालं. नावही बदलायचं होतं. नाव काढायला त्यांनी खास जाहिरातवाल्याला बसवलं होतं, आणि त्याने दोन आठवडे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ‘वायुवेग’ हे नाव काढलं. कॉफीच्या रांगेत उभ्या कुणालाही ते तेवढ्या वेळात सुचलं असतं, पण त्या माणसाकडे चिठ्ठ्या नव्हत्या.

चिकटपट्टीला काम आवडलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण ऑफिसात काम आवडतं असं कळलं की लोक आणखी आणून देतात. घरी मात्र तो बोलून गेला आणि सासऱ्यांनी नेमकं ते ऐकलं. सासऱ्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना होता. लग्न झाल्यापासून जावई नक्की करतो काय, हे त्यांना उमगलं नव्हतं आणि विचारायचा धीरही झाला नव्हता. माल तयारच आहे, मी फक्त नवीन पॅकिंग करतोय, हे वाक्य कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे जावईबापू, तुम्ही आमच्याच धंद्यात की,” ते म्हणाले.

तेव्हापासून ते प्रत्येक रविवारी जेवताना पॅकिंगवर बोलत. खोकं करणाऱ्याने आत काय आहे ते आधी बघावं, काच आहे की कापूस आहे, एवढं तरी. नाहीतर खोकं सुंदर होतं आणि आतून खळखळ आवाज येतो. चिकटपट्टी मान डोलावून आमटी वाढून घेई. पण सोमवारी त्याने निरोप्या उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एरवी वाचला नसता, असं तो नंतर कबूल करी.

फाइलीच्या डोक्यावर त्या दोन ओळी होत्या. पहिलीत ताईचं पूर्ण नाव. दुसरीत लिहिलं होतं: वापरा, वाटा, बदला, फक्त या ओळी काढू नका, आणि कुठे अडलं तर फोन करा. पुढे फोन नंबर. माणूस तरुण असताना जगाला आपला नंबर देऊन ठेवतो.

आतलं लिखाण पाहून मात्र चिकटपट्टीची शिव्या घालायची सवय गेली. सगळं जिथल्या तिथे होतं. एका ठिकाणी तो थांबला. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर निरोप्या थोडा वेळ थांबायचा. पुन्हा नाही आलं तर त्याहून जास्त, मग त्याहूनही जास्त. वर प्रत्येक फोनवरचा निरोप्या किती थांबणार हे थोडं मागेपुढे करून ठेवलेलं, जेणेकरून दोघे एकाच क्षणी परत निघू नयेत. शेजारी ताईने टीप लिहिली होती: सगळ्यांनी एकदम बोलायला लागू नये म्हणून.

त्याने नवं खोकं मन लावून बनवलं. जुने तुकडे एकत्र बांधले, वेगवेगळ्या फोनांचे रुसवे आतल्या आत मिटवले, बाहेर एक दार ठेवलं. ज्या पोरांनी आठवडे घालवले होते, त्यांनी ती एक ओळ लिहिली आणि अ‍ॅप चालू झालं. एकाने तर पुन्हा पुन्हा काढून घालून पाहिलं, की आपलं काही चुकत तर नाही ना.

इथे थांबलं असतं तर सगळं बरं झालं असतं. पण कंपनीत चांगलं काम झालं की ते दाखवावं लागतं.

ज्यांना दाखवायचं ते टॅक्सीवाले होते; म्हणजे शहरभर टॅक्सी पुरवणारी मोठी कंपनी, तिला नवीन अ‍ॅप हवं होतं. त्यांच्याकडून आलेल्या माणसाने बैठकीत सहज म्हणून नेटवर्क बंद केलं आणि परत चालू केलं. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. निरोप्या त्याच्या सवयीप्रमाणे थांबला होता. सगळे चक्राकडे बघत राहिले. जाहिरातवाल्याने विनोद केला, तोही संपला, तरी चक्र फिरतच होतं. मग पडद्यावर टॅक्सी आली. पाहुण्याने हसून नुसतं एवढंच म्हटलं, की नाव तर वायुवेग आहे.

पाहुणा लिफ्टपर्यंतही पोहोचला नसेल, तोवर धाकट्या साहेबांनी हुकूम सोडला, की ते थांबणं काढून टाका. चिकटपट्टीने समजावून सांगितलं, की थांबणं हा दोष नाही, तीच तर त्यातली अक्कल आहे. सर्व्हर दमला की सगळ्या फोनांनी एकदम हाका मारायला सुरुवात केली तर तो आडवा होईल. साहेब म्हणाले, ग्राहकाला थांबायला आवडत नाही. चिकटपट्टी म्हणाला, आतल्या मालाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. साहेब म्हणाले, हात लावू नकोस, नुसतं काढ.

त्याने सविस्तर मेल लिहिली. काढल्यावर काय होईल, कसं होईल, का होईल, सगळं मुद्देसूद. दुपारी उत्तर आलं: वर केलेला अंगठा. अंगठ्याचा अर्थ वाचलं असा होतो, की पटलं असा, की विषय संपला असा, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. म्हणूनच वरिष्ठ मंडळी तो वापरतात. चिकटपट्टीने जाऊन विचारलं. विषय संपला असा होता.

त्याने थांबणं काढलं.

उरल्या त्या दोन ओळी. साहेबांना त्या काढायच्या होत्या, आणि या सगळ्या पॅकिंगचं खरं कारण तेच होतं असं जुनी माणसं कॉफीच्या मशीनपाशी कुजबुजत. कंपनीच्या वकिलाने मात्र साफ सांगितलं, की अट म्हणजे अट, ओळी जशाच्या तशा कुठेतरी दिसल्याच पाहिजेत. यावर बैठक बसली. ओळी दिसल्या पाहिजेत पण कुणाला दिसता कामा नयेत, असा पेच होता. जाहिरातवाल्याने तो चुटकीसरशी सोडवला. सगळं काही बंद पडलं तर जो पडदा येतो, त्याच्या तळाशी टाका, तो म्हणाला; आपलं सगळं काही बंद पडतच नाही, तेव्हा तो पडदा येणारच नाही. या हुशारीवर सगळे खूश झाले. चिकटपट्टीने विचारलं, जशाच्या तशा म्हणजे फोन नंबरासकट का? त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने मेलवर विचारलं. अंगठा आला.

अ‍ॅप सुरू होण्याचा दिवस उजाडला. ऑफिसच्या दारात फुगे, भिंतीवर मोठा पडदा; त्यावर किती लोकांनी अ‍ॅप उघडलं याचा आकडा चढत होता आणि प्रत्येक टप्प्याला कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. लोक कामावर निघायची वेळ झाली तसा आकडा भरभर चढू लागला. मग चढायचा थांबला. जाहिरातवाला म्हणाला, पडदा अडकला असेल. पडदा ठणठणीत होता.

झालं होतं ते अगदी साधं. सर्व्हर सकाळच्या गर्दीत क्षणभर दमला. निरोप्या असता तर शहरभरचे फोन आपापल्या परीने मागेपुढे थांबले असते आणि सर्व्हरने जरा श्वास घेतला असता. वायुवेगाला थांबणं माहीत नव्हतं. सगळ्या फोनांनी एकदम हाक मारली, उत्तर नाही म्हणून लगेच पुन्हा मारली, आणि मारतच राहिले. बुडणाऱ्या माणसाला वर काढायला गावाने त्याच्या अंगावर उड्या टाकाव्यात, तशी गत झाली.

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. टॅक्सी कडेला ओळीने उभ्या होत्या आणि चालक बाहेर येऊन फोन उंच धरून उभे होते, जणू नेटवर्क त्यांच्या डोक्यापासून वीतभरच वर असावं. त्यांच्या समोरच, फुटपाथवर, कामावर निघालेली माणसं तसेच फोन धरून टॅक्सी शोधत होती. दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं. पण अ‍ॅपने सांगितल्याशिवाय कोण कुणाच्या गाडीत बसणार.

प्रत्येकाच्या फोनवर तो कधीच न येणारा पडदा आला होता. वर ‘काहीतरी बिघडलं आहे’ असं लाल अक्षरांत, आणि तळाशी ताईचं पूर्ण नाव, तिने दिलेला सल्ला आणि तिचा नंबर. अडलं तर फोन करा. लोक अडलेले होते. त्यांनी केले.

चिकटपट्टीने तोवर उपाय काढला होता. सर्व्हरचं दार पूर्ण बंद करायचं, सगळ्यांना बाहेरच्या बाहेर परतवायचं, आणि मग शहराचा एकेक भाग करत आत घ्यायचं. तोवर थांबणं परत घातलेला वायुवेग सगळ्या फोनांवर पाठवून द्यायचा. तो साहेबांपुढे गेला. साहेब टॅक्सीवाल्यांशी फोनवर बोलत होते आणि आमचा सर्व्हर कधीच बंद होत नाही, असं त्यांना सांगत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चिकटपट्टीलाही तेच सांगितलं. बंद करायचा प्रश्नच येत नाही. चिकटपट्टी म्हणाला, तो बंदच आहे. साहेब म्हणाले, तो आपोआप बंद आहे. आपण बंद केला असं होता कामा नये. या दोन्हींत काय फरक आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण पुन्हा फोन वाजला होता.

अशी सकाळ सरत असताना लिफ्ट उघडली आणि एक बाई बाहेर आली. अंगावर दुकानातला निळा एप्रन, केस घाईने बांधलेले, हातात फोन. फोन सारखा थरथरत होता आणि ती बघत नव्हती. स्वागताला बसलेल्या मुलीने कुणाला भेटायचंय असं विचारलं.

“छोट्याला,” ताई म्हणाली.

असं इथे कुणी नाही, असं ती मुलगी सांगत होती, तेवढ्यात काचेच्या खोलीतून धाकट्या साहेबांनी बाहेर पाहिलं. त्यांचा चेहरा बघून मुलीला कळलं, की आहे.

ताई आत गेली. कुणी बस म्हणायच्या आधी बसली. चिकटपट्टी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन उभा होता. बाहेर जावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तिथेच राहिला. ताईने फोन टेबलावर ठेवला. तो थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला, तो तिने पुन्हा मधे ओढला.

सकाळपासून दुकानातला एक कपडा धुतला गेलेला नाही, तिने सांगितलं. फोनवर माणसं टॅक्सी मागतायत. कुणाला विमान गाठायचंय, कुणाला परीक्षेला जायचंय. एकाने तर तिला दूषणं दिली आणि मग विचारलं, तुम्ही टॅक्सी पाठवत नाही तर इस्त्रीला किती वेळ लावता. शेवटी तिने एकाला सांगितलं, की त्या पडद्याचा फोटो पाठव. फोटो पाहिला आणि एप्रन न काढताच निघाली.

“माझं नाव लपवायला हीच जागा मिळाली का रे?” ती म्हणाली.

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. बोलायचं काम त्यांचं असूनही.

मग तिने चिकटपट्टीकडे बघितलं आणि थांबण्याचं काय झालं असं विचारलं. त्याने काढल्याचं सांगितलं. का काढलं, हे तिने विचारलं नाही. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. आता काय करायचं ठरवलंयस, एवढंच विचारलं. चिकटपट्टीने दार बंद करायचा बेत सांगितला. तिने ऐकून घेतला, मधे एकदा बोट वर करून, आधी शहराच्या कडेचे भाग घे, मधले शेवटी, असं सुचवलं. चिकटपट्टी म्हणाला, तसंच ठरवलंय. ती म्हणाली, मग इथे उभा का आहेस? चिकटपट्टीने साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी सुरुवात केली, की टॅक्सीवाल्यांना शब्द दिलाय, आपणहून बंद केला असं झालं तर बाजारात नाव काय राहील, शिवाय…

“छोट्या,” ताई म्हणाली, “बंद कर.”

ती मोठ्याने बोललीच नाही. पण काचेबाहेरची माणसं काम केल्याचं सोंग सोडून उभी राहिली होती. आजवर त्या खोलीत साहेबांना कुणी काही कर असं सांगितलं नव्हतं. सगळे सुचवत असत. साहेबांनी टाय सैल केला, खिडकीतून खाली पाहिलं आणि चिकटपट्टीला म्हणाले, कर बंद.

दार बंद झालं. भिंतीवरच्या पडद्यावरचा आकडा शून्यावर आला, तेव्हा सवयीने एकाने टाळी वाजवली आणि मग हात खिशात घातले. मग शहराची एक कड आत आली, मग दुसरी. ताई चिकटपट्टीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. तिने काही केलं नाही. फक्त तो घाई करायला लागला की “असू दे, असू दे” म्हणे. टेबलावरच्या फोनची थरथर आधी विरळ झाली आणि दुपारच्या सुमारास थांबली. खालच्या रस्त्यावर पहिली टॅक्सी हलली, तसे बाकीचे चालक तिच्या चालकाकडे अशा नजरेने बघू लागले, जणू त्याने वशिला लावलाय.

जाहिरातवाला कुठून तरी सँडविच घेऊन आला. ताईने एक खाल्लं. खाता खाता ती लॅपटॉपवर नवं खोकं वर-खाली बघत होती. हे एका ओळीचं दार तुझं का, तिने विचारलं. चिकटपट्टी हो म्हणाला.

“हे काम मी कायम टाळलं,” ती म्हणाली. “कंटाळवाणं असतं. तू चांगलं केलंस.”

चिकटपट्टीला त्या कंपनीत इतकी वर्षं झाली होती. पण कामाबद्दल कुणी असं, बढतीचं किंवा कपातीचं काही न जोडता, सरळ बोललेलं त्याला आठवेना. तो ‘हो ना’ असं काहीतरी पुटपुटला आणि उगाच स्क्रीन पुसू लागला.

भावंडांचं पुढचं बोलणं त्याने मुद्दाम ऐकलं नाही, पण खोली लहान होती. साहेब म्हणाले, तुझं नाव अ‍ॅपच्या पहिल्या पानावर घालू. ताई म्हणाली, घाल किंवा नको घालू, पण नंबर काढ. मी दोन ओळी काढू नका म्हटलं होतं, तेव्हा मला अक्कल नव्हती, आता लेखी देते. साहेबांनी परत ये म्हटलं, सल्लागार म्हणून. तिने मान हलवली. इथल्या खुर्च्या मला चालणार नाहीत, ती म्हणाली. मग साहेबांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गुरुवारी तू सकाळी जाणारेस की दुपारी? म्हणजे मी दुसऱ्या वेळेला जाईन. इतकी वर्षं ती दोघं आईकडे अशीच जात होती, एकमेकांना टाळून, पाळीने; आणि आईही दोघांसाठी दोनदा चहा ठेवत होती.

“सकाळी,” ताई म्हणाली. “तूही सकाळीच ये. औषधं आणायला कुणीतरी लागेल.”

पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणं परत घातलेला वायुवेग सगळ्या फोनांवर पोहोचला. जाहिरातवाल्याने त्याची पत्रकं काढली. नवीन पिढीचं संयम-तंत्र, फक्त आमच्याकडे, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली ध्यान लावून बसलेल्या फोनचं चित्र. टॅक्सीवाल्यांना ते फार आवडलं. त्यांनी जाहिरातवाल्याचा सत्कार केला. धाकट्या साहेबांनी भाषणात त्या सकाळचा उल्लेख ‘आम्ही ठरवून घेतलेली विश्रांती’ असा केला, आणि ते म्हणताना ते अडखळलेही नाहीत. माणसाचा स्वभाव एका सकाळीत बदलत नाही. पण पहिल्या पानावर ताईचं नाव आलं आणि त्याखाली, तिनेच कळवलं म्हणून, पॅकिंग करणाऱ्याचंही. नंबर नव्हता.

आईच्या ऑपरेशनच्या गुरुवारी चिकटपट्टी ऑफिसात बसून पोरांना नवीन दार कसं वापरायचं ते दाखवत होता, तेव्हा साहेबांचा फोन आला. मागे इस्पितळातल्या चाकांच्या खुर्चीचा कुरकुर आवाज येत होता. आईला आत नेलंय, ते म्हणाले, वेळ आहे, आणि ताई म्हणतेय की तू थांबण्याची जी मर्यादा ठेवलीयस ती चुकीची आहे, ती कमी हवी. चिकटपट्टी म्हणाला, मर्यादा बरोबर आहे, मी मोजून ठेवलीय. साहेब तिकडे वळून म्हणाले, तो बरोबर आहे म्हणतोय. मग फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि ताई बोलू लागली. तिने कारण सांगितलं, चिकटपट्टीने उलट कारण सांगितलं, मधे साहेबही तिकडून काहीतरी म्हणाले आणि ताईने त्यांना सुनावलं, की तुला यातलं काय कळतं, तू गप्प बस. साहेब म्हणाले, कळत नाही कसं, कंपनी माझी आहे. ताई म्हणाली, आधी औषधाची चिठ्ठी कुठे टाकलीस ते सांग.

तेवढ्यात एका तिसऱ्या बाईचा आवाज आला, बहुधा नर्सचा, की हे इस्पितळ आहे आणि भांडायचं असेल तर दोघांनी खाली जाऊन भांडा. चिकटपट्टी फोन कानाला लावून ऐकत राहिला. पावलांचे आवाज जिन्यावर उतरत गेले. भांडण चालूच होतं.